पॅरिस ते रोम विमानाने: अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात आई-वडील आणि आम्ही दोघं पॅरिसहून रोमला जाणार आहोत. अंतर एका ठिकाणी १,१०५ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे १,४२०, तर आणखी कुठे ५९५. विमानाचा वेळ कुठे १ तास २२ मिनिटं लिहिलाय, कुठे २ तास १० मिनिटं. खरं काय धरायचं? सकाळी ९.४० चं विमान बघून ठेवलंय, तर त्याच दिवशी दुपारी १.३० ची व्हॅटिकन म्युझियमची तिकिटं काढावीत का? आणि बाबांना आल्प्स बघायचे आहेत, तर खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

व्हॅटिकनची तिकिटं त्या दिवशी काढू नका, हे आधी सांगते. ती वेळेला बांधलेली असतात आणि वेळ चुकली की पैसे परत मिळत नाहीत. आता आकडे. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ ते रोमचा फ्युमिचिनो हे सरळ हवाई अंतर साधारण १,१०० किलोमीटर. तिकिटावरचा वेळ २ तास ५ ते १० मिनिटं. आणि तुमच्या पॅरिसच्या हॉटेलच्या दारापासून रोमच्या हॉटेलच्या दारापर्यंत साडेसहा ते सात तास. गेली बावीस वर्षं मी पुण्यात बसून लोकांच्या युरोप सहलींचे दिवस आखते. या तिन्हींतल्या तिसऱ्या आकड्याबद्दल मला क्वचितच कुणी विचारतं, आणि भांडणं नेमकी त्याच्यावरूनच होतात.

अंतराचा गोंधळ सोपा आहे, तुम्ही पाहिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. १,१०५ म्हणजे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत पक्ष्याच्या वाटेने. १,४२० म्हणजे रस्त्याने. आणि ५९५ हे सागरी मैल आहेत. विमानवाले त्यांतच मोजतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणून बघा, १,१०२ येतात.

हवाई अंतर तुम्ही घरी कागदावरही काढू शकता. पॅरिस ४८.८६ अंश उत्तर, २.३५ अंश पूर्व. रोम ४१.९० उत्तर, १२.५० पूर्व. अक्षांशातला फरक ६.९६ अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडे ७७४ किलोमीटर. रेखांशातला फरक १०.१५ अंश. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून या फरकाला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे ४५.४ अंशांच्या, कोसाइनने गुणायचं, तो ०.७०२. उत्तर येतं ७.१३ अंश, म्हणजे पूर्वेकडे ७९२ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावा: १,१०७. पृथ्वीचा गोलावा नीट धरून केलेलं गणित एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे सांगेल, एवढंच. मुंबई-न्यूयॉर्कला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे गोलावा फार मोठा होतो.

हे सरळ अंतर कोणतंही विमान तंतोतंत उडत नाही. वर उठताना वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टी मिळते, उतरताना रांगेत लागावं लागतं, मधली वाट हवाई नियंत्रक ठरवून देतात. त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं. तरीसुद्धा कागदावरचं ते सरळ अंतर तुमच्या कामाचं आहे, आणि ते कशासाठी हे फार कमी प्रवाशांना माहीत असतं. ते पैशांसाठी.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. विमान ऐन वेळी रद्द झालं किंवा मुक्कामी तीन तास वा जास्त उशिरा पोचलं, आणि दोष कंपनीचा असला, तर प्रवाशाला ठरावीक भरपाई मिळते. किती, ते अंतरावर ठरतं. १,५०० किलोमीटरपर्यंत माणशी २५० युरो, त्याच्या पुढे युरोपातल्या युरोपात ४००. तिकीट पन्नास युरोंचं असलं तरी भरपाई तेवढीच. अंतर मोजायचं ते याच सरळ रेषेनं, असं नियमातच लिहिलंय. पॅरिस-रोम १,१०० चं, म्हणून २५०. तुम्ही चौघं, म्हणजे हजार युरो. विमान बदलून गेलात तरी मोजमाप पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत सरळच. काही प्रवासी रोमहून ब्रसेल्समार्गे हँबुर्गला गेले होते. दोन टप्पे मिळून १,६५६ किलोमीटर होत होते, म्हणून त्यांनी ४०० मागितले. सरळ अंतर १,३२६ आहे, असं सांगून युरोपीय न्यायालयानं २०१७ साली २५० वरच थांबवलं.

आणि 'पोचलं' म्हणजे कधी? तेही न्यायालयात गेलंय. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाकं टेकली तेव्हा उशीर होता २ तास ५८ मिनिटं, आणि जागेवर उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. २०१४ मध्ये निकाल लागला की विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता येईल तीच पोचण्याची वेळ. म्हणून मी सगळ्यांना सांगते, उशीर तीन तासांच्या आसपास जातोय असं दिसलं की दार उघडताना मोबाइलवर एक फोटो काढा. वेळ आपोआप नोंदली जाते.

आता विमानाचा वेळ. १ तास २२ मिनिटं हा आकडा कुठून आला असेल ते सांगते: कुणीतरी १,१०० ला ८०० च्या वेगानं भागलंय. विमान म्हणजे एक्सप्रेसवेवरची गाडी धरली तर ते ठीक. प्रत्यक्षात एअरबस ३२० सारखं विमान वर गेल्यावर ताशी ८३०-८५० किलोमीटरनं जातं, पण वर जायलाच वीसेक मिनिटं लागतात आणि उतरायला सुरुवात मुक्कामाच्या जवळजवळ दोनशे किलोमीटर अलीकडून होते. पूर्ण वेगाचा टप्पा मधला सातशे किलोमीटरचा काय तो उरतो. हवेतला वेळ भरतो पावणेदोन तासांच्या आसपास.

त्यात जमिनीवरचं धावणं मिळवा. तिकिटावरचा वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत आणि पसारा एवढा की गेट सोडल्यापासून उड्डाणापर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडं हातचं राखून ठेवतात, म्हणजे दहा मिनिटं उशिरा निघालं तरी 'वेळेवर पोचलो' म्हणायला मोकळे. तुम्हाला विमान पंधरा मिनिटं लवकर उतरलं म्हणून वैमानिकाचं कौतुक वाटेल. ते कौतुक वेळापत्रक लिहिणाऱ्याचं आहे.

वाऱ्याचं काय, असं पुढे कुणीतरी विचारेलच. युरोपावर वरच्या थरात वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून रोमहून परतीचं विमान तिकिटावर पाच-दहा मिनिटं जास्त दाखवतं. पण एवढ्या छोट्या पल्ल्यात वाऱ्याला करामत करायला जागाच नाही. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आला तरी त्या सातशे किलोमीटरांना ५१ ऐवजी ५७-५८ मिनिटं लागतील. मुंबई-लंडन पल्ल्यात हाच वारा तासाभराचा फरक पाडतो, तिथे तो मोजायचा.

घड्याळाची भानगड या वाटेवर नाही. पॅरिस आणि रोम एकाच वेळेवर चालतात, उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. पॅरिस-लंडन किंवा माद्रिद-लिस्बन करणाऱ्यांनी मात्र जपावं. तिथे एका तासाचा फरक आहे, त्यामुळे पॅरिस-लंडन विमान तिकिटावर पंधरा-वीस मिनिटांत पोचल्यासारखं दिसतं. एका काकांनी मला त्यावरून फोन करून 'छपाईची चूक' दाखवली होती.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. तुमचाच दिवस घेऊ. विमान ९.४० चं. सामान जमा करायचं आहे आणि आई-वडील बरोबर आहेत, म्हणजे ७.४० ला विमानतळावर. हॉटेल ऑपेरा भागात असेल तर तिथून तासभर आधी निघायचं, आणि मी असते तर साडेसहालाच लिफ्टपाशी उभी केली असती तुम्हाला. ११.४५ ला रोमच्या गेटवर. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे इमिग्रेशनची रांग नाही. पासपोर्ट मात्र हाताशीच ठेवा, विमानात बसताना ओळख म्हणून तोच दाखवावा लागतो. बेल्टवरून बॅगा मिळून बाहेर यायला सव्वाबारा-साडेबारा. मग स्टेशनापर्यंत चालत, तिकीट, गाडीची वाट. लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनी स्थानकात सोडते, म्हणजे सव्वा वाजला. तिथून बॅगा घेऊन हॉटेल, आणि तिथे चेक-इन अजून सुरूच झालेलं नसतं. दीड वाजता व्हॅटिकनच्या भिंतीपाशी उभं राहायचं असेल तर ते बॅगांसकट, घामाघूम, आणि नशीब फार जोरावर असेल तरच.

विमानतळ कुठला हे या हिशेबात सगळ्यात जास्त बदल करतं. पॅरिसला तीन नावं दिसतील. शार्ल द गोल ईशान्येला सुमारे २५ किलोमीटरवर. ओर्ली दक्षिणेला, बराच जवळ, आणि जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट तिथपर्यंत जाते. सीन नदीच्या डाव्या किनाऱ्यावर किंवा मध्यवर्ती शातलेच्या आसपास राहत असाल तर ओर्लीचं विमान दहा-वीस युरोंनी महाग असलं तरी घ्या. तिसरं बोवे. त्याच्या नावात पॅरिस असतं, पण आहे ते ८० किलोमीटरवर. बसला सव्वा तास, आणि त्या बसचं भाडं वेगळं. एकोणतीस युरोंचं तिकीट म्हणून बोवे घेणारे चौघं बसभाडं आणि बॅगेचे पैसे धरले की शेवटी तेवढ्यालाच पडतात, वर झोप गेलेली असते.

रोमला दोन: फ्युमिचिनो समुद्राकाठी, शहरापासून तीसेक किलोमीटर, आणि चांपिनो आग्नेयेला पंधरा किलोमीटर. चांपिनो जवळ आहे खरं, पण टर्मिनलपाशी रेल्वे नाही. फ्युमिचिनोहून दोन वेगळ्या गाड्या सुटतात हे लक्षात ठेवा. लिओनार्दो एक्सप्रेस कुठे न थांबता तेर्मिनीला जाते, भाडं १४ युरो. दुसरी एफएल-१ ही साधी लोकल, ८ युरोंची, पण ती तेर्मिनीला जातच नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से करत तिबुर्तिनाकडे जाते. हॉटेल त्रास्तेवेरेत असेल तर हीच योग्य. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सी. तिचं शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतलं भाडं महापालिकेनं बांधून दिलेलं आहे, फ्युमिचिनोहून सध्या ५५ युरो, माणशी नाही, गाडीचं. पांढरी, अधिकृत रांगेतली टॅक्सी घ्या. आगमनाच्या दारात 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पॅरिसच्या बाजूला एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय. शार्ल द गोलला जाणारी आरईआर बी ही उपनगरी गाडी ओने-सू-ब्वा स्टेशनानंतर दोन फांद्यांत फुटते. एक फांदी विमानतळाकडे, दुसरी मित्री-क्ले नावाच्या गावाकडे. धंद्यात मी नवीन होते, बरोबर चौदा माणसं, सगळी साठीच्या पुढची. गार द्यु नोर स्थानकात गाडी आली, फलाट बरोबर होता, लाइन बरोबर होती, चढलो. पुढे 'सव्हराँ' अशी पाटी दिसली म्हणून मी निर्धास्त, कारण विमानतळाच्या फांदीवरही सव्हराँ आहे. पण आहे सव्हराँ-बोदोत, आणि आम्ही होतो सव्हराँ-लिव्रीला. बॅगा जिन्यावरून उचलून पलीकडच्या फलाटावर, परत ओने, परत विमानतळाची गाडी. काउंटर बंद व्हायला नऊ मिनिटं असताना पोचलो. एका आजींनी नंतर विमानात शांतपणे विचारलं, 'हे कार्यक्रमात होतं का गं?' तेव्हापासून मी गाडीत पाय ठेवण्याआधी फलाटावरच्या बोर्डावर विमानाचं चिन्ह बघते आणि मगच चढते. आणखी एक: विमानतळावर या गाडीची दोन स्टेशनं आहेत. पहिलं टर्मिनल १ आणि ३ साठी, शेवटचं टर्मिनल २ साठी. तिकिटावर आकडा बघून उतरा. चुकलात तर दोन्हींमध्ये फुकट शटल आहे, पण दहा-पंधरा मिनिटं गेलीच.

रेल्वेनं जावं का, हेही बरेच जण विचारतात. पॅरिस-रोम थेट गाडी नाही. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकातून मिलान सात तास, तिथून रोम तीन, बदलण्याचा वेळ धरून दहा-अकरा तास. ऑगस्ट २०२३ मध्ये मोरिएन खोऱ्यात दरड कोसळून ही लाइन बंद पडली, ती ३१ मार्च २०२५ ला पुन्हा सुरू झाली. तुमच्याकडे दिवस मोकळा असेल आणि आई-वडिलांना विमानतळावरची चाल झेपत नसेल तर वाईट पर्याय नाही. गाडी शहरातून शहरात जाते, बॅग वजन करायची नाही, डबा उघडून जेवता येतं. फक्त बदल मिलानऐवजी तोरिनोच्या पोर्ता सुसा स्थानकात करा. फ्रेंच गाड्या मिलानला पोर्ता गारिबाल्दीला थांबतात आणि रोमच्या गाड्या बहुतेक चेंत्रालेहून सुटतात, म्हणजे मधे शहर ओलांडणं आलं. रस्त्याचा विचार करू नका. १,४२० किलोमीटर, चौदा तास, टोल, माँ ब्लाँ बोगद्याचे वेगळे पन्नासच्या वर युरो, आणि तो बोगदा अलीकडच्या वर्षांत शरदात आठवडेच्या आठवडे दुरुस्तीला बंद असतो. भाड्याची गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे पैसे ऐकलेत तर तुम्ही स्वतःच विमानाचं तिकीट काढाल.

संपाचं सांगायला हवं, कारण मे महिना आहे. इटलीत हवाई संप आधी जाहीर होतात आणि त्यांनाही नियम आहेत: सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतली उड्डाणं संपाच्या दिवशीही चालवावी लागतात. २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात तर संपच करता येत नाही. म्हणून रोमहून परतताना विमान या दोन पट्ट्यांतलं निवडावं. फ्रान्समध्ये हवाई नियंत्रक संपावर गेले की सरकार कंपन्यांना ठरावीक टक्के उड्डाणं कमी करायला सांगतं, आणि नुसतं फ्रान्सवरून जाणारं विमानसुद्धा अडकतं. या संपात वर सांगितलेले २५० युरो मिळत नाहीत, कारण दोष कंपनीचा धरत नाहीत. पण विमान रद्द झालं तर पर्यायी प्रवास किंवा तिकिटाचे पैसे, आणि ताटकळत ठेवलं तर खाणं नि गरज पडल्यास हॉटेल, हे कंपनीला द्यावंच लागतं. काउंटरवर ते आपणहून सांगतीलच असं नाही. मागा.

बॅगेत एक घरगुती गोष्ट. कैरीचं लोणचं सुरक्षा तपासणीत द्रवातच जमा होतं, १०० मिलीच्या वरची बाटली केबिन बॅगेत दिसली की टोपलीत जाते. शेंगदाण्याची कोरडी चटणी, चकली, लाडू बिनदिक्कत न्या. विमानात दोन तासांत बिस्किट मिळालं तर मिळालं.

तुमचा दिवस मी असा लावला असता: ९.४० चंच विमान ठेवा, दुपारी हॉटेलवर पाय पसरा, पाचनंतर पँथिऑन आणि त्रेवीचं कारंजं पायी. मे महिन्यात रोमला साडेआठपर्यंत उजेड असतो. व्हॅटिकन दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वेळेचं. दुसरा दिवस रविवार येत नाही ना, तेवढं बघा, महिन्यातला शेवटचा सोडून बाकी रविवारी म्युझियम बंद असतं.

आणि बाबांची खिडकी. पॅरिस-रोम सरळ रेषा नकाशावर आखलीत तर ती जवळजवळ माँ ब्लाँ शिखराच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे तो नेमका कुठल्या बाजूला दिसेल हे त्या दिवशीच्या वाटेवर ठरतं. तरी मी डावी बाजू सांगते, म्हणजे 'ए' अक्षराची. मॅटरहॉर्न आणि मोंते रोझा ही शिखरं त्या बाजूला येतात, आणि आल्प्स ओलांडून विमान समुद्रावर आलं की तोस्कानाचा किनाराही डावीकडेच. पंखाच्या पुढची रांग मिळाली तर घ्या. ९.४० च्या विमानात ऊन थोडं समोरून, डावीकडून येईल, बाबांना टोपी द्या. उड्डाणानंतर पस्तीस-चाळीस मिनिटांनी बर्फ सुरू होतो आणि दहा-बारा मिनिटांत संपतो. नेमक्या त्याच वेळी चहाची गाडी येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका म्हणावं.